बांधकामावरील सुरक्षितता व कामगारांचा विश्वास

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांची नामावली, विश्वस्तांचे वृत्तान्त आणि वास्तूंची छायाचित्रे येतात, व ती यावयासही हवीत. परंतु त्या वास्तू ज्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या, त्या गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी व रेजा यांच्याविषयी चार शब्द कोठेतरी लिहिले जावेत, ह्या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहे. विषय त्यांच्या कौतुकाचा नाही. त्यांच्या जिवाचा आहे.

आपल्या मुधोळ-भैंसा भागातील पुष्कळ घरांतून एखादा तरी माणूस बांधकामावर असतो. कोणी निजामाबादेस, कोणी हैदराबादेस, तर कोणी आखाती देशांत. हे काही आजचे नव्हे. मुंबईतील कामाठीपुरा हे नावच मुळी निजामच्या मुलखातून तेथे बांधकामावर गेलेल्या कामाठी मजुरांवरून पडले. म्हणजे मुंबई शहर उभारण्यात आपल्या बाजूच्या माणसांचा घाम दोन शतकांपूर्वीच पडू लागला होता.

घामाबरोबर रक्तही सांडते, हे मात्र आपण लवकर विसरतो. १ ऑगस्ट २०२३ रोजी ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर तुळया चढविणारे अवजड यंत्र कोसळून २० माणसे मरण पावली. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी आपल्याच तेलंगणात श्रीशैलम् डाव्या कालव्याच्या बोगद्यात छत ढासळले आणि ८ माणसे आत अडकली. त्यांपैकी एकही जिवंत बाहेर आला नाही. ह्या मोठ्या बातम्या झाल्या. परांचीवरून पडलेला एकटा गवंडी किंवा चारीत गाडला गेलेला एकटा बिगारी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातही येत नाही.

अपघात झाला की आपण म्हणतो, नशीब! कोणी म्हणतो, मजूर अडाणी, हेल्मेट घालावयास नको म्हणतात. कोणी दारूला दोष देतो. ह्यात थोडेबहुत तथ्य असेलही. परंतु खरे कारण बहुधा दुसरीकडे असते. अपघात होण्यापूर्वी धोका कोणाच्या तरी दृष्टीस पडलेला असतो. ज्याने तो पाहिला तो बोलला का? बोलला असल्यास ऐकणाऱ्याने काय केले? सुरक्षितता ह्या दोन प्रश्नांवर अवलंबून असते, असे माझे मत आहे, आणि त्याची उदाहरणे मी पुढे देत आहे.

बोरघाटाचा धडा

पुण्याहून मुंबईस रेल्वेने जाताना खंडाळ्याचा बोरघाट लागतो. सुमारे १६ मैलांत १,८०० फुटांहून अधिक चढ आणि २५ बोगदे, असे हे काम १८५६ साली सुरू झाले. प्रारंभीचा ठेका मुंबई-ठाणे ह्या पहिल्या रेल्वेमार्गाच्या कामातील ठेकेदार विल्यम फेव्हिएल ह्यांच्याकडे होता. कड्यावर पाय ठेवावयास जागा नसे, तेथे मजुरांना दोराने खाली सोडून सुरुंगाची भोके पाडून घेत. पुढे एकेकाळी ४०,००० च्या वर माणसे त्या घाटात राबत होती, आणि पटकीच्या साथी त्यांतून माणसे उचलून नेत.

१८५९ च्या जानेवारीत तेथे मजुरांचा मोठा दंगा झाला. त्यात एक युरोपियन मारला गेला. दंग्याच्या मुळाशी मजुरीचा प्रश्न होता: पैसे थकले होते, व जे मिळत ते ठरल्यापेक्षा कमी मिळत. त्याच वर्षी फेव्हिएल ह्यांनी ठेका सोडला. नंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल हे भारतात उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारले. तेव्हा त्यांची पत्नी अॅलिस ट्रेडवेल ह्यांनी ठेका आपल्या नावावर घेतला, जाणते इंजिनियर नेमले आणि १८६३ साली घाट पुरा झाला.

आता वाचक विचारतील की, मजुरीच्या दंग्याचा सुरक्षिततेशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. ज्याची तीन महिन्यांची मजुरी मुकादमाकडे अडकली आहे, तो मुकादमाला ‘हा दोर झिजला आहे, ह्यावर मी उतरणार नाही’ असे कधी म्हणेल का? तो गप्प बसेल आणि उतरेल. त्याने घरून निघताना उचल घेतलेली असते. बोलला तर काम जाईल, काम गेले तर उचल फिटणार नाही. दोरावर विश्वास नाही, मुकादमावर नाही, साहेबावर नाही. आहे ती फक्त गरज. अशा कामावर धोका दिसला तरी तो वरपर्यंत पोहोचत नाही. आणि साठलेला अविश्वास एक दिवस दंग्याच्या रूपाने फुटतो.

बोरघाटातीलच एक दगडी कमानपूल १८६७ साली कोसळला, व चौकशीत सदोष दगडकाम उघडकीस आले. दर्शनी दगड घडीव असून आतली भरती कच्ची असेल, तर ते इंजिनियरला दुरून दिसत नाही. पण जो गवंडी ती भरती करतो त्याला ते दिसल्यावाचून राहत नाही. त्याला कोणी विचारले नाही तर त्याचे ज्ञान त्याच्यापाशीच राहते.

सरकारनेही त्या काळी धडा अर्धाच घेतला. १८६० च्या कायद्याने रेल्वे व सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटपुढे लवकर निकालात काढण्याची सोय झाली हे खरे. परंतु त्याच कायद्याने करार मोडून काम सोडणारा मजूर गुन्हेगार ठरू लागला. धोक्याचे काम नाकारण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला नाही, उलट अधिक अरुंद झाला.

गोल्डन गेटची जाळी

ह्याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे. १९३३ ते १९३७ ह्या काळात तो बांधला गेला. त्या दिवसांत मोठ्या पुलाच्या खर्चात दर दहा लाख डॉलरमागे एक माणूस मरणार, असा हिशेब ठेकेदार मंडळी निर्विकारपणे धरीत. पूल साडेतीन कोटी डॉलरचा, म्हणजे ३५ माणसे गृहीत! मुख्य इंजिनियर जोसेफ स्ट्रॉस ह्यांनी हा हिशेब मान्य केला नाही. त्यांनी डोक्यावर टोप सक्तीचा केला, उगाच जिवाशी खेळ करणाऱ्यास कामावरून काढण्याची ताकीद दिली, आणि सुमारे १,३०,००० डॉलर खर्चून पुलाखाली दोरांची प्रचंड जाळी बांधली. त्या जाळीत पडून १९ माणसे वाचली.

जाळीचा दुसरा गुण असा की, खाली ती आहे हे ठाऊक असल्यामुळे वरचा माणूस निर्धास्तपणे व म्हणून नीटपणे काम करी. मालकाने आपल्या जिवासाठी पैसा खर्च केला, हे त्याला रोज डोळ्यांनी दिसत होते. विश्वास भाषणाने येत नाही, तो अशा दिसणाऱ्या गोष्टींनी येतो.

तथापि ही कथा येथेच संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी सेंट्रिंग उतरविण्याचा एक जड पाळणा निसटला, जाळी फाडून समुद्रात गेला आणि १० माणसे एकदम मेली. त्यापूर्वीचा एक धरून त्या पुलावर एकंदर ११ माणसे गेली. जाळी माणसाचा भार सोसे, पण कित्येक टनांचा पाळणा सोसू शकली नाही. साधने हवीतच, पण साधन आणले म्हणजे काम झाले असे मानणे चुकीचे आहे.

अभ्यासकांचे म्हणणे

‘सुरक्षिततेची संस्कृती’ हा शब्दप्रयोग १९८६ च्या चेर्नोबिल अणुकेंद्रातील अपघातानंतर जगभर रूढ झाला. त्याच्या आधी, १९८० साली, इस्राएलमधील डोव्ह झोहार ह्या अभ्यासकाने २० कारखान्यांतील कामगारांना प्रश्न विचारून सुरक्षिततेचे वातावरण मोजण्याचा प्रयत्न केला. वरिष्ठांना सुरक्षिततेचे खरोखर किती अगत्य आहे, ह्याविषयी कामगारांची जी समजूत असते तिला त्यात सर्वांत मोठे महत्त्व आढळले. वरिष्ठ काय बोलतात ह्यापेक्षा कामगारांना ते काय करताना दिसतात, हे निर्णायक ठरते.

पुढे एमी एडमंडसन ह्या अमेरिकन विदुषीने रुग्णालयांतील परिचारिकांचे गट अभ्यासिले. चांगल्या गटात चुका कमी नोंदल्या जात असतील अशी तिची अपेक्षा होती, निघाले उलटेच. चांगल्या प्रमुखाच्या हाताखाली चुका अधिक नोंदल्या जात, कारण तेथे माणसे चूक सांगावयास भीत नव्हती. बांधकामावरही हेच आहे. ज्या कामावर महिनाभरात एकही तक्रार आली नाही, ते काम निर्धोक आहे असे समजू नये. तेथे माणसे गप्प आहेत, एवढेच कदाचित त्यातून कळते.

एक अनुभव

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे भाग आहे, कारण त्यातील दोष माझा आहे. अनेक वर्षांपूर्वी एका इमारतीच्या कामावर मी देखरेखीस होतो. स्लॅब भरावयाचा होता आणि आदल्या रात्री पाऊस झाला होता. आपल्याकडची काळी माती सर्वांना ठाऊकच आहे. उन्हाळ्यात दगडासारखी, पाणी लागले की लोण्यासारखी. कोपऱ्यातील दोन बल्ल्या खालच्या फळीसकट तीन-चार बोटे खचल्या होत्या. मला ते दिसले नाही. काँक्रीट अर्धे पडल्यावर तो कोपरा बसला. दैवयोगाने कोणी दगावले नाही. एका पोराचा पाय मात्र कायमचा अधू झाला.

संध्याकाळी घमेले धूत असलेली एक रेजा सहज बोलून गेली की, बल्ल्या खचल्याचे तिने सकाळीच पाहिले होते. मी संतापून विचारले, “मग सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, “सांगून काय करू, सायेब? काल शिडी हलती म्हणून त्यो बोलला, तर मुकादमानं त्याचा अर्धा रोज कापला. तुमी तिथंच हुबे होते. तुमी बी काई बोलले न्हाईत.”

तिचे म्हणणे खरे होते. मी तेथे होतो, मी ऐकले होते, आणि मुकादमाच्या कामात कशाला पडा म्हणून गप्प राहिलो होतो. माझ्या त्या गप्प राहण्याने दुसऱ्या दिवशीची तिची जीभ बांधली गेली. त्या पोराच्या पायाचा विचार करताना मला बल्ल्यांपेक्षा तो कापलेला अर्धा रोज अधिक आठवतो.

विश्वास कशाने उत्पन्न होतो?

अनुभवाने व वाचनाने मला ज्या गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या त्या अशा:

पहिली, मजुरी वेळेवर. आठवडी बाजाराच्या दिवशी ठरलेला पैसा पुरा हातात पडला पाहिजे. ही दयेची गोष्ट नव्हे. ह्यावाचून बाकीचे सर्व नियम पोकळ आहेत.

दुसरी, थांबविणाऱ्याचा रोज बुडता कामा नये. परांचीची फळी दोन्ही टोकांस बांधलेली नाही म्हणून गवंडी चढला नाही आणि अर्धा तास गेला, तर तो अर्धा तास मालकाच्या हिशेबी. त्याची शंका निराधार ठरली तरीही. एकदा जरी पैसे कापले तरी पुढचा माणूस बोलणार नाही.

तिसरी, प्रमुखाने स्वतः नियम पाळणे. इंजिनियर किंवा विश्वस्त उघड्या डोक्याने स्लॅबखाली फिरत असतील, तर मजुराला हेल्मेटाचा उपदेश करण्यात अर्थ नाही.

चौथी, सकाळी दहा मिनिटे बोलणे. आज कोठे खणणार, कोणती बाजू उघडी आहे, विजेची तार कोठून जाते, हे सर्वांना त्यांच्या भाषेत सांगावे. १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात, मग आदिलाबादेत आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात असलेल्या आपल्या तालुक्यात मराठी, तेलुगू व उर्दू तिन्ही भाषा कानावर पडतात. त्यांत आता बिहार-ओडिशाकडून हिंदी व ओडिया बोलणारेही येतात. मराठीत दिलेली सूचना तेलुगू रेजाला कळली असे गृहीत धरू नये. तिच्याकडून ती परत वदवून घ्यावी.

पाचवी, संकटात माणसांना अंधारात न ठेवणे. उत्तराखंडातील सिल्क्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी ४१ माणसे अडकली व १७ दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, सर्व सुखरूप बाहेर आली. त्यांच्यातीलच एका अनुभवी फोरमनने सर्वांना धीर दिला, रोज चालावयास व योगासने करावयास लावले. बाहेरून नळीवाटे अन्न आणि घरच्यांचे शब्द पोहोचत होते. आपल्याला कोणी विसरलेले नाही, ह्या खात्रीवर माणसे टिकली.

घाई आणि मुहूर्त

आपल्याकडे धार्मिक व सामाजिक संस्थांच्या बांधकामावर एक खास धोका असतो, तो मुहूर्ताचा. उद्घाटनाची पत्रिका छापली जाते, पाहुण्यांची तारीख मिळते आणि मग सारे काम त्या तारखेच्या मागे धावते. सेंट्रिंग काढण्याचे शास्त्र मात्र पत्रिका पाहत नाही. आपल्या देशाच्या मानकानुसार साध्या सिमेंटच्या साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालील टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबखालील १४ दिवस ठेवावे लागतात. सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालील १४ व त्याहून लांब तुळईखालील २१ दिवस. सिमेंट मिश्र जातीचे असेल तर त्याहूनही अधिक काळ लागू शकतो.

सेंट्रिंगवाल्याला हे दिवस पाठ असतात. ‘साहेब, अजून चार दिवस राहू द्या’ असे तो म्हणेलही. पण विश्वस्तांची गाडी येऊन थांबली आणि ‘परवा कार्यक्रम आहे’ असे कोणी म्हटले, की त्याचे चार दिवस जातात. त्या क्षणी कामाचा खरा पुढारी विश्वस्तच असतो, इंजिनियर नव्हे.

तीच गोष्ट पायाच्या चारीची. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या आसपास असते. कमरेपर्यंत गाडलेल्या माणसालाही ती ओढून काढू देत नाही. छातीएवढ्या खोल चारीला फळ्यांचा आधार द्यावा किंवा कडा उतरत्या ठेवाव्यात, उपसलेली माती काठावर रचू नये, आणि पाऊस झाल्यावर कोणी पाहून होकार दिल्याखेरीज आत उतरू नये. वैशाखात कामाची वेळ पहाटे सुरू करून दुपारी विसावा द्यावा. ह्या गोष्टींना पैसा थोडा लागतो, धीर मात्र लागतो.

कायद्याची बाजू

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यात ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कामावर मालक व कामगार ह्यांची संयुक्त सुरक्षा समिती आवश्यक होती. २०२० च्या नव्या संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, ही मर्यादा बांधकामासाठी २५० वर आली. जीवघेणा धोका संभवतो असे सकारण वाटल्यास कामगाराने ते मालकाच्या व त्याच वेळी निरीक्षकाच्या नजरेस आणावे, आणि मालकाने तत्काळ उपाय करावा, अशीही तरतूद तीत आहे. बांधकामाच्या खर्चावरील उपकरातून कल्याण मंडळ चालते. मागील १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर राबलेला, १८ ते ६० वर्षे वयाचा कामगार तेथे नाव नोंदवू शकतो.

परंतु आपल्या गावातील बांधकामावर २५० माणसे कधी असतात? दहा-वीस असतात. तेथे समितीची सक्ती कायदा करीत नाही. म्हणूनच तेथे मालकाची नीती हाच कायदा ठरतो.

आपले कर्तव्य

ट्रस्ट जेव्हा सभागृह, शाळेची खोली किंवा भक्तनिवास बांधतो तेव्हा तो मालक होतो. ठेका दिला म्हणजे जबाबदारी दिली असे नाही. माझी विश्वस्त व सभासद बंधुभगिनींस विनंती आहे की, पुढील प्रत्येक बांधकामाच्या करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात: मजुरी दर आठवड्यास, धोका सांगणाऱ्याचा रोज कापावयाचा नाही, प्रत्येक कामगाराची कल्याण मंडळात नोंद, आणि इंजिनियरने लेखी होकार दिल्यावाचून सेंट्रिंग काढावयाचे नाही व उद्घाटनाची तारीखही ठरवावयाची नाही. शिवाय एका विश्वस्ताने आठवड्यातून एकदा कामावर जाऊन मुकादमाला नव्हे, तर सर्वांत नवख्या बिगाऱ्याला किंवा रेजेला विचारावे: “येथे तुम्हांला कशाची भीती वाटते?” पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेस येईल. आणि आले की त्याच दिवशी काहीतरी करून दाखवावे.

घरी बांधकाम काढणाऱ्या कुटुंबांसही हेच लागू आहे. ज्यांची मुले परगावी किंवा परदेशी बांधकामावर आहेत, त्यांनी फोनवर पैसे पोहोचल्याचे विचारताना एवढेही विचारावे, की तुझे तेथे कोणी ऐकते का?

त्या रेजेने मला जे सुनावले ते मी माझ्या नोकरीत नंतर कधी विसरलो नाही. अर्ध्या रोजाची किंमत त्या काळी फार नव्हती. मी मुकादमाला एक शब्द बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला बल्ल्यांविषयी सांगती, आणि तो पोर आज दोन्ही पायांवर धड चालता. आपल्या ट्रस्टच्या वास्तूंवर कोणास असे गप्प राहावे लागू नये, एवढीच ह्या मंगलप्रसंगी प्रार्थना.